आधी गाडीला पाणी

आदिलाबाद,
सप्टेंबर १९९८

प्रिय चारू,

खूप खूप आशीर्वाद. नांदेडला तुझं जेवणखाण नीट चाललंय ना, हे विचारत नाही. तारामावशी माझीच बहीण आहे, ती भरल्या ताटावरून कुणाला उठू देत नाही हे मला ठाऊक आहे. फोनवर तिनं आणखीही एक सांगितलं. तू राजीनामा लिहून पाकिटात घालून ठेवला आहेस म्हणे, रजा संपायच्या आत टाकायला. त्यावरून भांडायला मी हे पत्र लिहीत नाहीये, तेव्हा लगेच घडी घालून उशीखाली सारू नकोस. आधी घरची हकिकत वाच. घरात हल्ली माझं काही चालत नाही, सगळा कारभार जीपचा आहे.

पोळा झाला आणि दोनच दिवसांनी लिंगू पटेल दारात उभा राहिला. तोच, ज्याच्या गुड्यावर, त्या डोंगरावरच्या गोंडवस्तीवर, तू मे महिन्यात जनावरांना लस टोचायला निघाली होतीस. धोतर स्वच्छ धुतलेलं, हातात मोहाच्या पानांत बांधलेला पोळ्याचा प्रसाद. बसायला सांगितलं तर बसेना. म्हणाला, "बाई, औंदा सारे बैल पोळ्याले उभे होते. एकबी कमी नोता. पन डाक्टरबाई काऊन येऊन नाई राह्यल्या? आमी कायी चुकलो का?" मी काय सांगणार? बरं वाटत नाही तिला, म्हटलं. तुझे बाबा आतल्या खोलीत पेपर तोंडासमोर धरून बसले होते. पटेल गेल्यावर पाहिलं तर पेपर उलटा. मला हसू आलं, पण हसले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी जीपवरची ताडपत्री ओढून काढली. तुझ्या हाताखालच्या देवाजीनं ट्रॅक्टरला बांधून ती मे महिन्यात घरी आणून सोडली, तेव्हापासून कुणी तिच्या वाटेला गेलं नव्हतं. शेजारच्या मांजरीनं मागच्या सीटवर पिल्लंसुद्धा घातली होती. ती पिल्लं मला धान्याच्या कोठीमागे हलवायला सांगितली, मग माझं कपडे भिजवायचं घमेलं विचारलंही नाही आणि रेडिएटरखाली सरकवलं. मी म्हटलं, दसऱ्याला पूजा करायची तर नुसती धुऊन करा, एवढी उकलायची काय गरज? माझ्याकडे न बघताच म्हणाले, चालती नसलेल्या गाडीची पूजा मी करत नाही. आणि खालची तोटी सोडली.

तुला आठवतं का, ही जीप सरकारी होती तेव्हाची गोष्ट? तू फार लहान होतीस. बाबा महसूल खात्यात गिरदावर, फिरतीवर निघाले की कधीकधी आपण दोघीही सोबत असायचो. इंद्रवेल्लीच्या पुढे रस्ता कसला, धुळीची वाट. प्रत्येक वस्तीत शिरलं की आधी कुत्री भुंकायची, मग पोरं धावायची, आणि मग एखादी बाई कळशी घेऊन यायची. आपल्याला वाटायचं, आता पाणी मिळणार. पण ती सरळ जीपच्या तोंडाकडे जायची. आधी गाडीला पाणी, मग साहेबाला, मग आपल्याला! एवढी चढण चढून जनावर आलंय, आधी त्याला पाजायला नको का, असा त्यांचा साधा हिशेब. तू एकदा तहानेनं रडायला लागलीस तर एका म्हातारीनं तुला बॉनेटवर बसवलं आणि समजावलं, थांब माय, तुहा घोडा पिऊन राह्यला.

तुझ्या बाबांना त्याचा केवढा अभिमान. पुढे खात्यानं जुन्या गाड्यांचा हर्रास काढला तेव्हा लिलावात हीच जीप घेतली, दुसरी चांगली मिळत असतानासुद्धा. स्पेअर पार्टवाल्यानं कधी रेडिएटरमध्ये घालायच्या हिरव्या कूलंटचा डबा पुढे केला की म्हणायचे, माझ्या जीपला साऱ्या तालुक्याचं पाणी चालतं, तुमचं सरबत ठेवा. तू कॉलेजातून आलीस त्या वर्षी तूही म्हणाली होतीस ना, बाबा, हे विहिरींचं पाणी भारी क्षाराचं असतं, एकदा आतून धुऊन ते हिरवं घालू या. तेव्हाही त्यांनी हसण्यावारी नेलं. म्हणाले, जनावरांची डॉक्टर हो, गाडीची होऊ नकोस. तू फुगून दोन दिवस त्यांना चहा दिला नव्हतास. तो चहा मला करावा लागला.

तर तोटी सोडली आणि पाणी आलंच नाही. मग तारेनं टोचलं, तेव्हा आलं ते पाणी म्हणवेना. विटकरी, दाट, चिखलासारखं. बाबांनी वरचा रबरी पाईप काढून नळाची नळी लावली, उलट्या बाजूनं पाणी सोडलं, तर पापुद्रेच्या पापुद्रे निघायला लागले. आपल्या बंबाच्या तळाशी पांढरी पापडी धरते ना, अगदी तशी, वर गंजाचा रंग. काडीकचरा निघाला, कुठल्याशा झाडाची पानं निघाली. इतक्या वर्षांचं ज्यानं त्यानं मायेनं ओतलेलं ते सगळं आत जाऊन बसलं होतं. मग धुण्याचा सोडा गरम पाण्यात विरघळवून भरला, इंजिन चालवलं, पूर्ण निवू दिलं, सोडलं, पुन्हा भरलं. मी ते पाणी कढीपत्त्याला घालायला निघाले तर केवढ्यानं ओरडले! मागे खड्डा खणून त्यात ओतलं. शेवटी रेडिएटरच उतरवून उन्हाकडे धरला आणि आत डोळा लावला. बराच वेळ तसेच उभे होते. मला वाटलं, कंबर धरली. विचारलं तर रेडिएटर माझ्या हातात दिला. मीही पाहिलं. नळ्यांच्या त्या ओळीत जेमतेम चार-दोन ठिकाणी उजेड दिसत होता, बाकी सगळ्या बुजलेल्या. त्या दिवशी ते जेवले नाहीत. मी भाकरी झाकून ठेवली ती सकाळी मांजरीच्या कामी आली.

चारू, त्या दिवसाबद्दल तू मला बोलू दिलं नाहीस. मी विषय काढला की उठून जायचीस. पण देवाजीनं मला सगळं सांगितलंय, तेव्हा आता मीच बोलते. गुड्यावर घटसर्पानं जनावरं पडायला लागली होती. तू लशीचा डबा बर्फात घालून निघालीस, आणि चढावर बॉनेटखालून वाफ आली. सावली नाही, वस्ती लांब, मे महिन्याचं ऊन. देवाजी म्हणाला, "बाई, थांबा जराशा, निवू द्या तिले." तू डबा उघडून पाहिलास आणि म्हणालीस, बर्फ कुठं थांबतोय? गरम असताना झाकण उघडू नये हे तुला माहीत होतं. बाबांनीच शिकवलं होतं. तरी गोणपाट टाकून तू ते फिरवलंस, कारण तुझ्या डोळ्यांसमोर ती जनावरं होती. आणि हात, मान, हनुवटी भाजलेली असताना, समोरून आलेल्या बैलगाडीत बसवत होते तेव्हा, तू देवाजीवर डाफरलीस की माझ्याकडे काय बघतोस, डबा उचल आणि चालू लाग. तो रडत रडत डबा डोक्यावर घेऊन गुड्यावर गेला. लस वेळेत टोचली गेली. पोळ्याला सारे बैल उभे होते ते त्यामुळे. हे तुला कुणी सांगितलं नसेल, कारण तू कुणाला सांगू देत नाहीस.

आणि मग दवाखान्यात तुझे बाबा जे बोलले ते. नर्स, शेजारी, देवाजी, सगळ्यांसमोर. गरम झाकण उघडू नये हे शेंबड्या पोरालाही कळतं, ही म्हणे डॉक्टर! तू भिंतीकडे तोंड केलंस ते अजून वळवलं नाहीस. मी त्यांना तिथल्या तिथे गप्प केलं, पण निघालेला शब्द काही आत घालता येत नाही. मला माहीत होतं, ते घाबरून बोलले होते. त्यांना भीती वाटली की ते रागावतात, लग्न झाल्यापासून मी हेच बघत आलेय. पण ते तू का समजून घ्यायचं? भाजली होतीस तू. मला तेव्हा त्यांचा फार राग आला होता, आणि खरं सांगते, अजून पुरता गेलेला नाही.

रेडिएटर आतून साफ करून आणला, नवे रबरी पाईप घातले, जीप पुन्हा जोडली. मग त्यांनी देवाजीबरोबर गुड्यावर निरोप धाडला की इथून पुढे आमच्या गाडीत कुणी पाणी ओतायचं नाही. झालं! बाजाराच्या दिवशी लिंगू पटेल पुन्हा हजर. या वेळी बसला, पण चेहरा पडलेला. "साहेब, आमच्या पान्यानं बाई भाजल्या का?" बाबा उठून त्याच्या शेजारी पायरीवर बसले. म्हणाले, "नाई पटेल. पानी तुमचं चांगलं होतं. ते वेळच्या वेळी काढून धुवाचं काम माहं होतं." पटेल म्हणाला, "मंग आता गाडी आली तं तिले द्याव काय?" आणि पटेलानं पिशवीतून पाण्याचा डबा काढला. गुड्याच्या विहिरीचं पाणी, बसमधून मांडीवर धरून आणलेलं. आता सांग, परत कसं पाठवायचं? मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी खालची तोटी उघडी केली आणि पटेलाच्या हातूनच ते पाणी वरून ओतवलं. आम्ही तिघंही घमेल्याकडे बघत बसलो. वरून घातलं तसंच स्वच्छ खाली आलं. पटेल हसला. मी पदरानं डोळे पुसले आणि चहा टाकायला आत गेले.

आता ते हिरवं कूलंट आणलंय. रंग अगदी पोपटी, चवीला गोड असतं म्हणे आणि विषारी. कुत्र्यामांजरांनी चाटू नये म्हणून डबा लोणच्याच्या बरणीशेजारी वरच्या फळीवर होता, पण मला ते पाहूनच धडकी भरायची, म्हणून कपाटात घालून कुलूप लावायला लावलं. बॅटरीत घालतात त्या पाण्यात मिसळून बाबांनी ते काल जीपमध्ये भरलं. एवढं सांडलं नाही की पुसावं लागेल. एवढं जपून त्यांनी तुझं बारसंसुद्धा केलं नव्हतं.

तर खरी गोष्ट आता सांगते. हे पत्र मी माझ्या मनानं लिहायला बसलेली नाही. काल जीप भरून झाल्यावर तुझे बाबा हात धुऊन आले, कागद आणि पेन माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, तिला लिही. जन्मभर पंचनामे लिहिलेला माणूस! म्हटलं, तुम्हीच लिहा की. म्हणाले, माझ्यानं होत नाही. मग काय लिहू ते तरी सांगा. तेव्हा खिडकीबाहेर बघत एवढंच बोलले, "तिले लिही, चूक तिची नोती. ते हिरवं टाका म्हनत होती ती, मी आयकलं नाई. अन् दवाखान्यात बोललो ते बोलाले नोतं पायजे." एवढं सांगून बाहेर गेले. बाकीचं सगळं माझं आहे, त्यांचं एवढंच. राजीनामा टाकायचा असेल तर टाक, बाई, तुला कुणी अडवणार नाही. फक्त भीतीनं टाकू नकोस, आणि स्वतःला मूर्ख समजून तर मुळीच टाकू नकोस. जीपचं थोडं काम राहिलंय. इंजिन चालू करायचं, तोंड उघडं ठेवून आतली हवा निघून जाऊ द्यायची, आणि मग झाकण लावायचं. पण बाबा ते करत नाहीत. नवं झाकण आणून देवघराच्या कोनाड्यात ठेवलंय, आणि रेडिएटरच्या तोंडावर माझी वरणाची वाटी उपडी घातली आहे. दसऱ्यापर्यंत तिची वाट बघतो म्हणाले, आणि मग म्हणाले, त्यानंतरही बघतो. मी आत्ताच जाऊन वाटी उचलून पाहिली, हात लावून पाहिला. थंड आहे, चारू. अगदी गार आहे.

तुझीच वाट बघणारी,
आई