सुभेदारची भाकरी

मी, गहिनीनाथ तात्याबा गर्जे, वय एकोणसत्तर, साखर कारखान्याचा निवृत्त वॉचमन, राहणार मौजे धामणदरा, तालुका जामखेड, जिल्हा अहिल्यानगर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गाठ फुप्फुसात आहे, डोके शाबूत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणील इतके जवळचे माणूस मी शिल्लक ठेवलेले नाही. यापूर्वी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. राहते घर, कांद्याची चाळ आणि माझ्या नावची तीन एकर जमीन माझी एकुलती मुलगी सुकन्या हिला मिळावी. ती राहुरीला विद्यापीठात नोकरीस आहे व येथे राहणार नाही हे मला ठाऊक आहे. घर विकले तरी हरकत नाही.

कलम २. मात्र धाकटा भाऊ वाल्मिक याच्या शेताला लागून असलेला बांध व त्याच्या अलीकडची दोन हात पट्टी वाल्मिकला द्यावी. तो बांध त्याने कोरला असे मी अकरा वर्षे म्हणत आलो. कोरला तो त्यानेच, त्यात शंका नाही. तरीही द्यावी.

कलम ३. कारण असे की, २०१८ साली आमचा गावठी कुत्रा तोंडाला फेस येऊन मेला. वाल्मिकने विष घातले असे मी पारावर सांगितले, पाहुण्यारावळ्यांत सांगितले. ते खोटे आहे. चाळीत उंदरांसाठी औषध कालवून कणकेच्या गोळ्या मीच ठेवल्या होत्या. माझी पत्नी कौसा हिने त्या गोळ्यांची रिकामी ताटली माझ्यासमोर आणून ठेवली. मी ती उकिरड्यात पुरली आणि तिला गप्प बसवले. वाल्मिक, माफी तोंडाने मागायला हवी होती. ती जमली नाही, म्हणून जमीन देतो.

कलम ४. पुढच्या वर्षी सुकन्याने पुण्याहून ग्रेट डेन जातीचे पिल्लू आणून दिले. आले तेव्हा पिशवीत मावत होते. वर्षभरात माझ्या कमरेला लागले. नाव सुभेदार. खाटेवर बसला की खाट मोडायची, शेपटी फिरली की चहाचे कप खाली. कौसा रोज त्याच्यासाठी दहा भाकरी थापायची आणि म्हणायची, "गाय पाळली आस्ती तर दूध तरी दिलं आस्तं." थापायची ती, घालायचो मीच. तोवर विषाच्या त्या गोष्टीवर माझाच विश्वास बसला होता. म्हणून मी त्याला गेटवरची शिस्त लावली. माझ्या हातचे सोडून कोणाचे खायचे नाही, आणि मी नसताना फाटकाच्या आत परक्याला येऊ द्यायचे नाही. दुसऱ्याने टाकलेल्या तुकड्याला तोंड लावले की छडी. पिल्लू हुशार होते, लवकर शिकले.

कलम ५. दिनांक ९ मार्च २०२३ रोजी मी त्याच बांधाच्या मोजणीसाठी जामखेडला गेलो होतो. कौसा कपडे वाळत घालताना अंगणात कोसळली. वाल्मिकची बायको रंगुबाई धावत आली. सुभेदार कौसाला चार पायांच्या मध्ये घेऊन उभा राहिला. रंगुबाईने भाकरी टाकली, मटण टाकले. त्याने पाहिलेही नाही. दहा गडी काठ्या घेऊन फाटकाबाहेर जमले, आत जायची छाती कोणाची झाली नाही. मी पोहोचलो तोवर सव्वा तास गेला होता. डॉक्टर म्हणाले, "जरा लवकर आणलं असतं तर वाचल्या असत्या."

तेराव्याला सुकन्या म्हणाली, "अप्पा, त्याला इंजेक्शन द्या. नाहीतर मी या घरात पाऊल टाकणार नाही." त्यानंतर ती आलेली नाही. पोरी, तुझा राग खरा आहे, पण तो कुत्र्यावर काढू नकोस. त्याने शिकवलेले केले. तुझ्या आईला मी मारले. हे लिहून ठेवतो, कारण तोंडी विचारलेस तर मी आजही वाल्मिकचे नाव घेईन, असा माणूस आहे मी.

कलम ६. गेल्या महिन्यात चार दिवस मी नगरच्या दवाखान्यात होतो. चार दिवस सुभेदारने अन्नाला तोंड लावले नाही. रंगुबाई भिंतीवरून नळीने पाणी सोडत होती, त्यावर जगला. मी गेलो की तो उपाशी मरणार, हे आल्यावर त्याच्या बरगड्या पाहून कळले. मग अकरा वर्षांनी रंगुबाईला हाक मारली. ती लगेच आली. रोज सकाळी भाकरी घेऊन येते. सुभेदार तिला आत येऊ देतो, खात मात्र नाही. माझ्यामागे सुभेदार तिच्याकडे राहावा. कौसाची काठवट आणि तवा तिला द्यावा. माझी छडी जाळावी.

कलम ७. माझा जीव गेला की प्रेत अंगणात काढण्याआधी रंगुबाईने सुभेदारला वाल्मिकच्या गोठ्यात न्यावे. नाहीतर तो तुम्हाला माझ्याजवळ येऊ देणार नाही आणि तुम्ही पुन्हा काठ्या काढाल. पाच दिवस त्याने खाल्ले नाही, तर जनावरांच्या डॉक्टरांना बोलावून इंजेक्शन द्यावे व त्याला बांधावर पुरावे. खड्डा मोठा लागेल. रंगुबाईला कोणी बोल लावू नये.

कलम ८. वरील मजकूर मी आज सकाळी ओट्यावर बसून लिहिला. रंगुबाई भाकरी धरून अंगणात उभी होती. ती म्हणाली, "दादा, त्यो भाकरीकडं बगतच न्हाई. तुमच्याकडंच बगतोय. तुमी आत जावा." मी आत आलो आणि दाराला कडी घातली. सुभेदार दारापाशी येऊन रडला. मी हाक दिली नाही. बऱ्याच वेळाने बाहेरून तिचा आवाज आला, "खाल्ली दादा, आर्धी खाल्ली! तुमी आता भायेर येऊ नका."

म्हणून साक्षीदारांना मागच्या दाराने बोलावले आहे. त्यांच्यासमोर वाचून, समजून सही करतो.

सही: गहिनीनाथ तात्याबा गर्जे

साक्षीदार:
१. श्रीमंत रामहरी ढाकणे, निवृत्त शिक्षक, धामणदरा
२. डॉ. करण पालवे, जनावरांचे डॉक्टर, जामखेड

दिनांक: १८ नोव्हेंबर २०२५
स्थळ: मौजे धामणदरा, आतली खोली, दार बंद.