तनूचे केस, तू येण्याआधी

रीडिंग, इंग्लंड,
मे २००६

प्रिय आई,

तुझा व्हिसा आला हे कळलं आणि जीव भांड्यात पडला. पण तिथे काही तो टिकला नाही. फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस आणि मग मला रडू फुटतं, म्हणून. चष्मा लाव आणि शांतपणे वाच.

मला तनूच्या केसांची काळजी लागून राहिली आहे. हसू नकोस. गेल्या रविवारपासून ती मला केसांना हात लावू देत नाहीये. शाळेतून आली की स्वेटशर्टचं हूड डोक्यावर ओढते, ते झोपेपर्यंत. सकाळी उशीवर तुटलेल्या केसांचा कचरा असतो. सात वर्षांची पोर, पण हट्टाला थेट तुझ्यावर गेलीय. तिच्या केसांना असं वाऱ्यावर सोडून चालत नाही गं. आपले केस काय, दुर्लक्ष केलं तरी गुमान पडून राहतात. तिचे बापावर गेलेले, कर्टिससारखे, अगदी बारीक वेटोळ्यांचे. टाळूचं तेल त्या वळणांमधून टोकापर्यंत पोचतच नाही, म्हणून ते सदा तहानलेले. त्यात इथलं पाणी इतकं जड की किटलीत पांढरे खडे जमतात.

ती लहान असताना माझी काय तारांबळ उडायची, ते तुला कधी सांगितलं नाही. तू ब्राह्मी-माका घालून उकळलेलं तेल पाठवायचीस. ते मी तिच्या कोरड्या केसांवर वाटी वाटी ओतायचे आणि बारीक दातांच्या कंगव्याने मुळापासून खाली विंचरायचे, तू माझे विंचरायचीस तसे. पोर किंचाळायची, कंगव्यात पुंजके यायचे, आणि मी आणखी तेल ओतायचे. शेवटी एक दिवस कर्टिसची बहीण डेनीस आली, तिने तो कंगवा माझ्या हातातून घेतला आणि सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकला. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण तिनेच समजावलं की तेल म्हणजे ओलावा नव्हे. ओलावा पाण्याचा, तेल फक्त त्याला आत धरून ठेवतं. तेव्हापासून रविवार आमचा केसांचा. धुवायचे, मूठभर कंडिशनर चोपडायचं, ओले असतानाच रुंद दातांच्या कंगव्याने टोकांकडून वर वर सोडवत जायचं, मग क्रीम, त्यावर जरासं तुझं तेल, मग वेण्या. झोपताना सॅटिनचा रुमाल, कारण सुती अभ्रा सगळा ओलावा पिऊन टाकतो. अख्खी दुपार जाते. ती माझ्या गुडघ्यांमध्ये बसून अखंड बडबडते, चुकतमाकत मराठीतसुद्धा. तुझ्याशी फोनवर लाजते, म्हणून तुला वाटतं हिला मराठी येत नाही. कळतं सगळं. शाळेच्या फोटोत त्या वेण्या काय देखण्या दिसत होत्या! तो फोटो तू कपाटात जपून ठेवलायस म्हणालीस. भिंतीवर का नाही लावलास, हे मी विचारलं नाही. बाबा होते तोवर तुला इकडे का येता आलं नाही, तेही कधी विचारलं नाही.

परवा तनूने डेनीसला फोन केला. केस कायमचे सरळ करायचं क्रीम किती वर्षांच्या मुलींना चालतं, असं विचारलं. डेनीसने लगेच मला कळवलं. अगं, ते मोठ्या बायकांचीसुद्धा टाळू भाजून काढतं. मी तिला जवळ घेऊन विचारलं. तिने हूड आणखी खाली ओढलं. मग आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली, "आजी आला की मी हूड काढणार नाही. मग तिला माझी लाज नाही वाटणार."

आई, गेल्या रविवारी तुझा फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात क्रीमने बरबटलेले होते, म्हणून मी स्पीकर लावला होता. तनू माझ्यापुढेच बसली होती. तू म्हणालीस, "पोरगी गोड आहे बाई, पण मी यायच्या आत ते केस तेवढे सरळ करून घे. चारचौघांत नात म्हणून सांगायला बरं." मी हसून विषय बदलला, पण माझ्या हातांखाली तिची मान ताठ झालेली मला कळली होती. ती ऐकतेय हे तुला माहीत नव्हतं, ते मान्य. तरी मी रागावलेय, आणि रागाहून जास्त घाबरलेय. आजीला तसं म्हणायचं नव्हतं, असं मी तिला परोपरीने सांगून पाहिलं. ती म्हणते, मग आजीनेच सांगू दे. तेव्हा हे पत्र मिळाल्यावर फोन करशील, तो माझ्यासाठी करू नकोस. तिला बोलव, आणि मराठीतच बोल. ती गप्प बसली तरी ठेवू नकोस. काय बोलायचं ते मी तुला शिकवणार नाही. मात्र ते मनापासून जमणार नसेल, तर आई, विमानात बसू नकोस.

तुझीच,
शिल्पा