उजव्या डोळ्याचे पाचात तीन

४ जानेवारी, रविवार
डायरी एक तारखेलाच सुरू करणार होतो. मग म्हटलं आधी चांगला पेन आणू. पेन आणायला निघालो तो मित्राच्या, विशालच्या बाईकवर बसून वज्रेश्वरीला पोचलो. दोन तारखेला पेन आला, तर वही सापडेना. असो. आजपासून रोज. एकही खाडा नाही.
संकल्प: वडप्याच्या गोडाऊनची नोकरी महिनाभर तरी टिकवणे (हे चौथं गोडाऊन). १८ तारखेची फायनल जिंकणे. आमच्या गावच्या, दिघाशीच्या टीमचा विकेटकीपर मीच.
उजव्या डोळ्यापुढे काळे धागे फिरतात. मच्छर समजून दोनदा टाळी मारली. कारण माहीत आहे. परवा आमच्या टीममधल्या भाविकच्या हळदीत डीजेवाल्याने लेझर थेट तोंडावर मारला. उतरेल दोन दिवसांत.

७ जानेवारी
खाडा पडला. ड्युटी होती. (नव्हती, पण असू शकली असती.)
अंधारात डोळा फिरवला की कोपऱ्यात वीज चमकते. लेझर अजून आत आहे. आईला सांगायला नको होतं. बाबांचा डावा डोळा असाच गेला म्हणून ती सुरू झाली. तुजे बापानी आयकला न्हाय, तू कवा आयकशील, म्हणाली. बाबा ओट्यावर होते. उठून आत गेले.

९ जानेवारी, शुक्रवार
भिवंडीत डोळ्याच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. आईचं तोंड बंद व्हावं म्हणून.
आधी एक फॉर्म. डोळ्याच्या आतला पडदा (रेटिना) सुटायचा धोका कोणाला, त्याचे पाच प्रश्न. चष्म्याचा नंबर मायनस सहाच्या वर? माझा अकरा. डोळ्याला मार? दिवाळीनंतर विशालचा बॉल लागला होता, टेनिसचाच. घरात कोणाला झालंय? बाबांना. पण त्यांना चाळिशीत झालं, मी चोवीसचा, म्हणजे माझ्याकडे सोळा वर्षं आहेत. डोळ्याचं ऑपरेशन? नाही. दुसऱ्या डोळ्याचा पडदा सुटलाय? नाही. पाचात तीन. साठ टक्के. बारावीला मला बेचाळीस होते. साठ आपल्याला पडतच नाहीत, काहीतरी चुकलंय.
बाईंनी थेंब टाकून आत पाहिलं. पडद्याला फट पडलीय, अजून सुटलेला नाही, आजच ठाण्याला जाऊन लेझर करून घे, म्हणाल्या. मी म्हटलं, मॅडम, लेझरनेच झालंय आणि परत लेझर? त्यांनी चिठ्ठीवर ‘आजच’ लिहून खाली दोन रेघा मारल्या. मग म्हणाल्या, घरातल्या बाकी जाड चष्मेवाल्यांचेही डोळे तपासून घ्या.
थेंबांमुळे सगळं धूसर. अशा डोळ्यांनी ठाण्याला कोण जाणार? उद्या.

१० जानेवारी
निघालो होतो. माणकोलीला ट्रॅफिक. बाजूच्या मैदानात मॅच चालू, त्यांना कीपर कमी पडत होता. माणसाने माणसाच्या उपयोगी पडावं. सोमवारी नक्की.

१३ जानेवारी, मंगळवार
सोमवारी गोडाऊनला तीन कंटेनर आले.
निशाताईचा फोन. कामतघरला दिलेली माझी मोठी बहीण, चष्मा माझ्याइतकाच जाड. ते काळे ठिपके आपोआप जातात का रे, विचारत होती. मी म्हटलं, जातात, माझे चाललेत बघ. काळजी करते बिचारी.
कमी झालेत खरंच. उजवा मिटला की दिसतच नाहीत.

१६ जानेवारी
नाकाच्या बाजूने खालून सावली आलीय. चष्मा तीनदा पुसला. काच बदलायला झाली.

१८ जानेवारी, रविवार
हरलो.
बॉल येताना दिसायचा, मग सावलीत शिरायचा. माझ्या हातून सुटून बाईजचे चार चौके गेले. आंधळा झालास काय रे, विशाल ओरडला. सगळे हसले. मीपण हसलो. मग डावा डोळा झाकून विशालकडे पाहिलं. केस दिसले. तोंड नव्हतं.

२० जानेवारी, मंगळवार. ठाणे, डोळ्यांचं हॉस्पिटल
पडदा मध्यापर्यंत सुटलाय. त्या दिवशी आला असतास तर पंधरा मिनिटांचं काम होतं, डॉक्टर म्हणाले. आता उद्या सकाळी ऑपरेशन. नजर किती येईल ते सांगत नाहीत. दोनदा विचारलं.
सोबतीला बाबा. दुपारी आपणहून बोलले. मला बी डाक्टर बोलला व्हता, आजच ये. भात झोडाचा व्हता. मी विचारलं, मग मला कधीच का नाही सांगितलं? तुजी आई सांगत व्हती ना, म्हणाले.
निशाताईला कळवायचं नाही असं ठरवलंय. उगाच घाबरते. आईलाही बजावलंय.

संध्याकाळी ५
दारात निशाताई उभी आहे. मला वाटलं आईने सांगितलं. पण ती आम्हालाच विचारतेय, तुम्ही इथं कसे?
तिच्या हातात केसपेपर आहे. तिच्या नावाचा.