ओढ्यातली मी

४ नोव्हें., मंगळ.
आज आकाश संपवलं. म्हणजे संपलं असं म्हणायचं आणि ब्रश धुवायचे. इटलीतली संध्याकाळ, डोंबिवली एमआयडीसीतल्या गाळ्यात, ट्यूबलाइटखाली. मूळ चित्र जुनं डच, दोघांनी मिळून काढलेलं. एकाने झाडं, डोंगर, पडकी देवळं, दुसऱ्याने माणसं. आम्हीही तसंच वाटून घेतलंय. निसर्ग माझा, माणसं शिरीषची. कॉलेजपासून त्याचा हात माणसांवर, माझा पाण्यावर. ही मोठी प्रत कोलशेतच्या नव्या टॉवरच्या लॉबीत लागणार.
शि. उद्यापासून डायना घेतोय. वनदेवी, ओढ्यात आंघोळ करणारी. झाडीआडून एक शिकारी बघतोय.

९ नोव्हें., रवि.
खडवलीला जाऊन आले, एकटीच. नदीकाठचे दगड बघायला. ओल्या दगडाचा रंग फोटोत येत नाही. कॉलेजात असताना इथेच आलेलो सगळे. मी कपड्यांसकट पाण्यात बसलेले आणि शि. काठावरून माझा चेहरा काढत बसलेला. तेव्हा मजा वाटलेली.
प्रशांतने येताना वांगी आणायला सांगितलेली. विसरले.

१५ नोव्हें., शनि.
इरा क्लासहून सरळ गाळ्यावर आली. चित्र बघायचं होतं तिला. बराच वेळ समोर उभी. मग म्हणाली, "आई, ही तू आहेस."
चेहरा शि.ने काल केला, मी नव्हते तेव्हा. मी आल्यापासून दुसऱ्या टोकाला, देवळाच्या खांबात गुंतलेले. जाऊन बघितलं.
मांडीभर पाण्यात उभी डायना, अंगावर चिंधी नाही, मान मागे वळवलेली. माझी मान. डाव्या भुवईत जिथे माझे केस उगवत नाहीत ती जागासुद्धा तशीच मोकळी ठेवलीय. मूळ चित्रातल्या बाईच्या भुवया धड आहेत.
इराला रिक्षात बसवून दिलं. चौदा वर्षांची पोर. आईला असं बघायचं तिने.

१६ नोव्हें., रवि.
शि.ला फोन. तो हसला आधी. म्हणे ते खडवलीचं स्केच इतकी वर्षं जपलंय, मॉडेल कुठून आणणार, आणि हे तर कौतुक आहे. "वैशू, तू चिडशील असं वाटलंच नाही मला."
चेहरा बदल म्हटलं. तर इंटिरियरवाल्या मॅडमना फोटो गेलाय आणि त्या चेहऱ्यावरच खूश आहेत.
विचारायला काय झालेलं? विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. म्हणून विचारलं नाही. एवढं साधं आहे.
प्र.ला फोटो दाखवला. फोन लांब धरून बघितला, चष्मा लावून बघितला. मला तरी तू वाटत नाहीस म्हणाला. वर, कोलशेतला कोण ओळखतंय तुला?
इतकी वर्षं एका घरात राहून नवऱ्याला ओळखू येत नाही, आणि ज्याला येते त्याने मला नागडी करून उभी केली. कोणाचा राग जास्त आला ठरवता येईना. भाजी करपली. तीच वाढली.

१९ नोव्हें., बुध.
गाळ्यावर समोरासमोर. शि.चं एकच, माणसं माझी ठरलेली, मी तुझ्या झाडांना हात लावतो का? मी म्हटलं, बाई तुझी असेल, तोंड माझं आहे. शेवटी "बघतो" म्हणाला.
त्याचा शिकारी नीट बघितला आज. एवढासा, सावलीत, पाठमोरा. त्याला तोंडच नाही. तिथे मेहनत घेतलेली नाही.

२४ नोव्हें., सोम.
बघतो म्हणालेला, तर काय बघितलं? भुवई भरून टाकली. फक्त भुवई. बाकी सगळी मी तशीच. वर विचारतो, झालं ना समाधान.
मॅडम येऊन गेल्या. माझ्या पाण्याचं कौतुक केलं. चित्राखाली दोघांची नावं लागणार म्हणे, पितळी अक्षरांत. म्हणजे वर मी आणि खाली माझं नाव. छान.
मॅडमना सांगायला तोंड उघडलेलं, पण काय सांगणार होते? ही मी आहे, म्हणून? म्हणजे जे बघणार नव्हते तेही

२७ नोव्हें., गुरु.
इराने जेवताना विचारलं, काय करणारेस? शिरीषकाकाशी बोलतेय म्हटलं.
"अजून?" म्हणाली. ताट उचलून गेली.

२९ नोव्हें., शनि.
शनिवारी शि. कल्याणला शिकवतो. सकाळीच गाळ्यावर आले. काठावरच्या झाडाची एक फांदी खाली ओढली, पार पाण्यापर्यंत. झाडं माझी आहेत. आधी तोंड झाकलं, मग खांदे, मग बाकीचं. पानं इतकी सरसर येत होती, कित्येक वर्षांत आली नव्हती. मध्येच लक्षात आलं, दात आवळलेत.
झाल्यावर मीच फोन केला त्याला. चोरून नाही करायचं. तो म्हणाला, "माझं काम होतं ते. निदान विचारायचंस."
हो, म्हटलं. फोन ठेवला.
तो निघालाय कल्याणहून. ऑइल आहे, ओलं आहे. टर्पेंटाइनच्या बोळ्याने दोन मिनिटांत पुसून टाकेल. चित्र न्यायला टेम्पो बुधवारी येणार. शटर आतून ओढून घेतलंय, चित्राला पाठ लावून स्टुलावर बसून हे लिहितेय.
इराचा मेसेज, येऊ का?
ये म्हटलं.
बाहेर बाइक थांबली आत्ता.