गॅरंटीतले शुक्रवार

८ सप्टेंबर २००६, शुक्रवार
सुधीर मस्कतला रुजू झाला त्याला आठवडा झाला. आज पहिला गॅरंटी कॉल. आमच्या एजन्सीने परदेशी नोकरीला लावलेला सीए तीन महिन्यांच्या आत पळून आला, तर कंपनीला दुसरा फुकट शोधून द्यायचा. म्हणून दर शुक्रवारी, त्याच्या सुट्टीच्या दिवशी, मी शहापुरातून विचारायचं: जेवण जमतंय का, रूम बरी आहे का. आज त्यानेच विचारलं, "तुमी जेवलात का मॅडम?" आजवर एकाही कॅन्डिडेटने हे विचारलेलं आठवत नाही. जेवले होते, कालचं पिठलं. "हो, मस्त," म्हटलं.

१५ सप्टें., शुक्र.
सकाळभर लोडशेडिंग. भाऊंच्या खोलीत बसून काम. भाऊ, म्हणजे वडील, आजारी म्हणून बॉसने घरून काम करू दिलं होतं. भाऊ गेले, काम घरातच राहिलं. अंधेरीच्या ऑफिसातली नवीन मुलं मला आवाजाने ओळखतात, समोर गेले तर कोण पाहिजे म्हणून विचारतील. दिवसभर लंडन, सिंगापूर, दुबईशी बोलायचं आणि घरात दूधवाल्याशी.
सु. पाच मिनिटांऐवजी अर्धा तास बोलला. त्याच्या गावच्या, धसईच्या बाजाराबद्दलच जास्त. "माणसं बरी हायेत इथली. पण संध्याकाळी काय करायचं, ते कोणी सांगत नाय." मी म्हटलं, मलाही कोणी सांगत नाही. बोलायला नको होतं. रिपोर्टमध्ये लिहिलं: सेटल होत आहे.

२९ सप्टें.
फोन लागला नाही. पुन्हा पुन्हा लावला. शेजारच्या वहिनी दसऱ्याला जेवायला बोलवायला आल्या. "एवढी माणसं परदेशात पाठवतेस, तू का नाय गो जात?" हसले. रात्रीपर्यंत चिडचिड, वहिनींवर नाही, मस्कतच्या लाइनवर.

१४ ऑक्टो., शनि.
सु.च्या घरी फोन नाही. काल म्हणाला, "तुमी जवळच आहात, आईला एकदा बघून याल?" जवळ कुठलं! मुरबाडला एसटी बदलून जाता-येता दिवस गेला. बॉसला सांगितलं नाही.
भातकापणी चालू आहे. आई शेतातून हात पुसत आल्या. "तुमीच का त्याला धाडला?" हो म्हटलं. मग कंपनी मोठी आहे, करार पक्का आहे, पुढे बढती आहे, सगळं नीट समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग आनाल कवा?"
म्हटलं, आणणं माझ्या हातात नसतं.
"ह्यो कसला गो धंदा तुमचा? धाडायचं तुमी, आन आनायचं कोनी?"
निघताना पिशवीत काकड्या घातल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

२७ ऑक्टो., शुक्र.
दिवाळी झाली. दोन दिवस पणती लावली, मग कंटाळा आला.
सु. म्हणाला, "परत यावं म्हनतोय."
इथे कोण वाचतंय, लिहूनच टाकते: आनंद झाला मला. नुसता आनंद. आणि तोंडातून ऑफिसचं वाक्य निघालं, "सुरुवातीला सगळ्यांनाच असं होतं. थांबा, जम बसेल." किती जणांना ऐकवलंय हे, झोपेतही बिनचूक म्हणेन. तो "बरं" म्हणाला.
बॉसला कळवलं. खूश. "धरून ठेव त्याला."
धरून ठेवायचा, तोही तिकडे.

१० नोव्हें.
"म्हातारी काय बोलली?" पुन्हा विचारलं त्याने. बऱ्या आहेत, काकड्या दिल्या, एवढंच सांगितलं. कधी आणाल ते विचारत होत्या, हे याही वेळी गाळलं. सांगितलं असतं तर मिळेल त्या विमानात बसला असता. पक्कं माहीत आहे मला, तरी...
डोकं दुखतंय.

१ डिसें., शुक्र.
गॅरंटी संपली. बॉस म्हणाला, "शाबास. आता त्याला कॉल नको. फाइल बंद कर." शेवटचा कॉल दोन मिनिटांत आटोपला. "काही लागलं तर कळवा." तो म्हणाला, "काय लागनार मला?"
भाऊंची शाल काढली. थंडी पडलीय.

८ डिसें., शुक्र.
सकाळपासून घर आवरलं, माळासुद्धा. मग नेहमीची वेळ झाली. ऑफिसच्या फोनला हात लावला नाही. माझ्या मोबाइलमध्ये कालच रिचार्ज कार्ड भरून ठेवलं होतं. म्हणजे ठरलंच होतं माझं.
"आज कसा फोन? गॅरंटी तर संपली."
म्हणजे त्याला ठाऊक होतं! पहिल्या शुक्रवारपासून. सीए आहे तो, करार वाचल्याशिवाय सही करेल का? लाजेने कान तापले.
म्हटलं, "तुमच्या आईंनी विचारलंय, तुम्हाला कधी आणणार."
"कवा विचारलं?"
"दिवाळीच्या आधी."
"आन आज सांगताय?"
"आधी फोन ऑफिसचा होता."
 तो म्हणाला, "आईचं कळलं. तुमी काय म्हनता?"
थांबा, जम बसेल, हे जिभेवर तयारच होतं. गिळलं. दुसरं वाक्य जुळवत होते तेवढ्यात मोबाइलमधले पैसे संपले. लाइन बंद.
कार्डाचं दुकान दुपारी बंद असतं, पाचला उघडतं. चपला घालून बसलेय.