कोरडी खळ

सोमवार, ४ मार्च

आज परत खाल्ली.

लिहिलं एकदाचं! कुणाला सांगायची सोय नाही, निदान कागदाला तरी. मी खळ खाते. कपडे कडक करायला घालतात ती. शिजवलेली नाही — कोरडी, पोत्यातली. लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत पोतं असतं, वाफेनं कडेकडेला त्याचे पांढरे खडे होतात. एक तोंडात टाकला की आधी करकरतो, मग दातांखाली हळूहळू विरघळतो. चव म्हणावी तर काहीच नाही. आणि तरी तोंडाला असं पाणी सुटतं, की भरलेलं ताट पुढ्यात आलं तरी मी वळून बघणार नाही.

मग चूळ भरायची, ओठ पुसायचे, एप्रन झटकायचा आणि शहाण्यासारखं बाहेर येऊन घड्या घालायला उभं राहायचं. वयात आलेल्या मुलीची आई मी, आणि ही थेरं!

मंगळवार, ५ मार्च

आज नाही खाल्ली. शाब्बास बाई!

बुधवार, ६ मार्च

कालची शेखी आज दुपारीच उतरली. मालक बँकेत गेला, मावशी इस्त्रीला लागल्या, आणि माझे पाय आपोआप मागच्या खोलीकडे. एक खडा म्हणून गेले. एकावर कोण थांबतंय!

मावशी म्हणजे आमच्या लॉन्ड्रीचं जुनं खोड. मालकाच्या वडिलांच्या वेळेपासून आहेत. खळ शिजवणं आणि इस्त्री, दोन्ही त्यांच्याकडे. घड्या, चिठ्ठ्या आणि गिऱ्हाईक माझ्याकडे. तोंडाला कायम रुमाल बांधतात. म्हणतात, वाफ सोसत नाही. डबासुद्धा भिंतीकडे तोंड करून खातात. मला काम त्यांनीच शिकवलं. कॉलरची घडी चुकली की अजून हातावर चापटी मारतात.

घरी जिना चढताना दोनदा टेकले. छातीत धाडधाड. हे वरून बघत होते. "कुठली राणी येतेय म्हणायची? पालखी पाठवू का?" मी हसले. पण खरंच, हल्ली अंगात काही राहिलंच नाही. आळशी झाले आहे, दुसरं काय.

शनिवार, ९ मार्च

लेकीनं विचारलं, "आई, तुझ्या ओठाला पांढरं काय?"

"पावडर," म्हटलं.

"ओठाला पावडर?"

तिच्यावर उगाच खेकसले. बिचारी आत निघून गेली. लहानपणी ती माती खायची तेव्हा तिच्याच बोटांवर मी फटके दिले होते. आता माझ्या बोटांवर कोण देणार?

मंगळवार, १२ मार्च

हॉटेलवाल्याकडून शर्टांचा गठ्ठा परत आला. त्याच्या वेटरांच्या कॉलरी दुपारपर्यंत मान टाकतात म्हणे. मालकानं पोतं उघडून बघितलं, तर निम्म्याच्या खाली गेलेलं. "मावशी, एवढी खळ लागते आणि कॉलर अशी? घालता कुठे?"

मावशींनी रुमाल नीट केला आणि इस्त्री पुढे ढकलली. त्या कमी खळ का शिजवत होत्या ते मला कळलं. पोतं महिनाभर पुरवायचं असतं, म्हणून पातळ करत होत्या बिचाऱ्या.

माझी पाचावर धारण बसली. मी एवढी खाल्ली? मला वाटत होतं, मूठभर. फार तर दोन. हे काय पोट आहे की विहीर! आपण किती खातो हेसुद्धा आपल्याला कळू नये, म्हणजे हद्द झाली.

बुधवार, १३ मार्च

युक्ती सुचली. घरातला मैदा पिशवीतून नेला आणि पोत्यात कालवून टाकला. पांढऱ्यात पांढरं, कुणाला कळतंय! पोतं वर आलं. मावशींना खळ दाट करता येईल, कॉलरी उभ्या राहतील, प्रश्न मिटला.

स्वतःवर खूश होऊन दोन खडे जास्तच खाल्ले. मैद्याची जरा घाणच लागली.

शुक्रवार, १५ मार्च

देवा, काय करून बसले मी!

मैदा इस्त्रीला चिकटतो. गरम इस्त्री फिरली की करपतो, आणि पांढऱ्या कपड्यावर तपकिरी ठिपके उठतात. मला कसं माहीत असणार? मी घड्या घालणारी. मावशींना विचारलं असतं तर एका वाक्यात सांगितलं असतं त्यांनी. पण विचारणार काय, कप्पाळ!

हॉटेलचे टेबलक्लॉथ गेले. इस्पितळाचे कोट गेले. मावशी इस्त्रीचा तळ घासत बसल्या होत्या, घासायच्या आणि परत ठिपके. म्हणाल्या, "डोळे गेले वाटतं माझे. इस्त्री जास्त तापवतेय का गं मी?"

मी म्हटलं, "असेल."

असेल! एवढंच म्हटलं मी.

शनिवार, १६ मार्च

आजचं लिहू नये असं वाटतंय. पण लिहिते.

सकाळी इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई ठिपक्यांचा कोट घेऊन स्वतः आल्या. रागावलेल्या नव्हत्या फारशा. मी कोट परत घ्यायला हात पुढे केला, तर त्यांनी कोट सोडला आणि माझी बोटंच धरली. उलटीसुलटी करून बघितली. माझी नखं मधून खोलगट झाली आहेत, चमच्यासारखी. मला वाटायचं, साबणानं.

मग डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली — भर दुकानात! "धाप लागते? केस गळतात? पाळीला फार जातं?" मी नुसती मान हलवत होते. मग म्हणाल्या, "आणि जेवण सोडून काय खाता? बर्फ? खडू? माती? कच्चे तांदूळ? असं काही खावंसं वाटतं?"

मालक गल्ल्यावर बसलेला. मावशी मागे इस्त्री हातात धरून नुसत्या बघत उभ्या. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

"छे! काहीतरीच काय! मी कशाला असलं खाईन?"

त्या फक्त म्हणाल्या, "दवाखान्यात या. रक्त तपासू. लाजायचं काही कारण नाही."

त्या गेल्या आणि मालक मावशींवर तुटून पडला. खळ संपते, कॉलरी पडतात, कपडे करपतात! "वडिलांकडे बघून इतके दिवस गप्प बसलो. पोतं घरी नेता की विकता ते तुमचं तुम्हाला ठाऊक. उद्यापासून येऊ नका."

मला वाटलं, आता मावशी उसळतील. त्यांची जीभ काही साधी नाही, एकदा हॉटेलवाल्याला रडवला होता त्यांनी. पण त्या एक शब्द बोलल्या नाहीत. डबा पिशवीत टाकला, इस्त्रीची वायर गुंडाळली आणि मान खाली घालून गेल्या.

मी काउंटरवर उभी होते. मालक हातभर अंतरावर, नुसतं तोंड उघडायचं होतं. नाही उघडलं.

रविवार, १७ मार्च

अन्न गोड लागलं नाही. खळ मात्र लागली असती. अशी मी!

मंगळवार, १९ मार्च

मावशींच्या जागी कुणी नाही. इस्त्री मीच करते आहे. उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. आज टेबलाला धरून खाली बसले. मालक घाबरला, पाणी दिलं, "ताई, घरी जा, आराम करा" म्हणाला. माझ्याशी किती गोड! मावशींना मात्र हाकललं.

घरी न जाता दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. पोतं, खडे, मैदा, सगळं. रडत सांगितलं. त्या हसल्या नाहीत. रक्त काढायला लावलं.

गुरुवार, २१ मार्च

रिपोर्ट आला. रक्तात लोह जवळजवळ नाहीच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "या आकड्यावर तुम्ही जिना चढता हेच पुष्कळ."

आणि खळ? तीही त्यातच बसते म्हणे. शरीरात लोह कमी झालं की काही जणांना असली वासना होते. कुणी बर्फ चघळतं, कुणी माती, कुणी भिंतीचा रंग. "ही खोड नाही, बाई. आजार आहे. लोह भरून आलं की आपोआप जाईल."

घरात शेवटी कोण जेवतं, असंही विचारलं. मी म्हटलं, मीच, आणि उरलं तर. वर दिवसभर चहा — जेवणावर तर हवाच. त्या म्हणाल्या, जेवणावरचा चहा बंद, तो अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. लोहाच्या गोळ्या दिल्या, लिंबाच्या पाण्याबरोबर घ्यायच्या. शौचाला काळं होईल, घाबरायचं नाही. पाळीचं वेगळं तपासायचं आहे.

ह्यांना रिपोर्ट दाखवला. दोनदा वाचला आणि म्हणाले, "आणि मी पालखी पाठवत होतो!" संध्याकाळी माझं ताट आधी वाढलं आणि मी जेवेपर्यंत समोर बसून राहिले. मी चार घासांवरच ताट सारलं. पोट भरलं म्हणून नाही, मावशी आठवल्या म्हणून.

कारण आजार मला खळ खायला लावेल. "असेल" म्हणायला काही आजारानं लावलं नव्हतं. त्याला गोळी नाही.

शुक्रवार, २२ मार्च

मालकाला सांगितलं. गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा, पण सगळं सांगितलं. मैदासुद्धा. रिपोर्ट पुढे ठेवला.

त्याला आधी वाटलं थट्टा करते आहे. "खळ? कपड्यांची? माणसं खातात?" मग तोंड वेडंवाकडं केलं. मग लाल झाला — "आणि मी त्या म्हातारीला चोर म्हणालो!" टेबलक्लॉथचं नुकसान माझ्या पगारातून कापणार. कापू दे. काउंटरवरून काढलं, यापुढे मागच्या खोलीत धुण्यावर. तेही कबूल. म्हणाला, "मावशींना घेऊन या. मी माफी मागतो." एवढी तरी माणुसकी आहे.

शनिवार, २३ मार्च

मावशींकडे गेले. एक खोली, खिडकीत दोरीवर त्यांचे दोन रुमाल वाळत घातलेले. मी दारातच पाय धरले. खळ मी खाल्ली, मैदा मी घातला, तुमच्यावर आलं आणि मी गप्प बसले — एका दमात बोलून टाकलं.

मला वाटलं, मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्या पांढऱ्याफटक पडल्या आणि विचारलं, "तू? तू खात होतीस?"

"हो."

"सगळी?"

काय प्रश्न हा! "सगळीच की," म्हटलं, "दुसरं कोण खाणार?"

त्यांनी तोंड फिरवलं. "मालकाला सांग, मी येत नाही." आणि दार लावून घेतलं. बरोबरच आहे. चोरीचा आळ अंगावर घेऊन बसलेल्या बाईला मी दारात जाऊन हे सांगणार, आणि ती काय मला चहा पाजणार?

रविवार, २४ मार्च

दिवसभर काही सुचलं नाही. गोळीनं पोटात मळमळतं आहे. मळमळू दे.

सोमवार, २५ मार्च

संध्याकाळी दार वाजलं. मावशी. तोंडावर रुमाल नव्हता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांचे ओठ बघितले — पांढुरके, कोपऱ्यात चिरलेले. आत आल्या नाहीत. दोन्ही हात माझ्यापुढे धरले, नखं वर करून. सगळी खोलगट. खाली बघतच म्हणाल्या, "मला वाटायचं, पोतं मी एकटीच संपवते. तुझ्या त्या डॉक्टरीणबाई माझीपण नखं बघतील का गं?"