डाव्या हाताने लिहिलेलं

पनवेल

प्रिय आई,

अक्षर बघून घाबरू नकोस. उजवा हात प्लास्टरमध्ये आहे.

परवा वर्गात माझी विद्यार्थिनी मिताली दोन इलेक्ट्रॉनांचे स्पिन एकत्र केल्यावर होणाऱ्या चार अवस्था फळ्यावर मांडत होती. तेवढ्यात तिचा भाऊ आत घुसला. "लग्न ठरलंय, शिक्षण बास," म्हणत त्याने तिचं डोकं फळ्यावर आपटलं. मी मध्ये पडले, तर माझ्या हातावर खुर्ची घातली. मीही लाकडी डस्टर हाणून त्याचं नाक फोडलं. मग मुलांनी त्याला पोलिसांच्या ताब्यात दिलं.

मितालीला सात टाके पडले. शुद्धीवर येताच म्हणाली, "मॅडम, तीन अवस्था लिहिल्या, चौथी राहिली."

परीक्षेपर्यंत ती माझ्याकडेच राहील. तुझे गुडघे कसे आहेत? बाबांना मी घसरून पडले एवढंच सांग.

तिच्या भावाला जामीन मिळालाय. आम्ही दाराला दुसरी कडी लावून घेतलीय.

तुझीच,
अनुया